एआरटीवरच्या मुलांना पोलिओच्या इंजेक्शनची पूर्ण मात्रा द्या : आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. राज्य लसीकरण अधिकारी, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था

विषय : एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना एआरटी केंद्रातच आयपीव्हीची पूर्ण मात्रा मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

पत्र दोघांच्या नावे एकत्र लिहितो आहे, कारण अडचण तुमच्या दोन कार्यालयांच्या मधल्या जागेत आहे. लसीकरणाच्या बाजूने पाहिलं तर एचआयव्ही असलेलं मूल इतर मुलांसारखंच. कार्डावरचे रकाने भरले की काम झालं. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, बाजूने पाहिलं तर तेच मूल म्हणजे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते), सीडी-4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींचं प्रमाण) आणि गोळ्या वेळेवर घेतल्याची टक्केवारी. दोन्हीकडची माणसं राबतात, हे मी जवळून बघतो. पण या मुलाच्या रक्तात पोलिओविरुद्ध काही शिल्लक आहे का, हे विचारणं कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सवड झाली नाही तरी बिघडणार नाही. एआरटी सुरू होऊन ज्या मुलांच्या सीडी-4 पेशी सावरल्या आहेत, त्या प्रत्येकाला आयपीव्हीची, म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनची, 0.5 मिलीची पूर्ण मात्रा स्नायूत द्यावी. वयाची अट नको. किमान एक मात्रा, आणि एप्रिल 2016 नंतर जन्मलेल्या मुलांना दोन महिन्यांच्या अंतराने दोन. आणि ती एआरटी केंद्रातच, गोळ्या न्यायला येतात त्याच दिवशी मिळावी.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. एआरटी मी देत नाही, ती जिल्ह्याच्या केंद्रात मिळते. माझ्याकडे ही मुलं ताप, जुलाब, न्यूमोनिया, कान फुटणं अशा कुरबुरींसाठी येतात. बरोबर आजी असते, मावशी असते, कधी आई. पिशवीत एआरटीचं हिरवं पुस्तक असतं, आणि नशीब चांगलं असेल तर माता-बाल संरक्षण कार्डही. ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवून तारखा जुळवायची मला सवय लागली आहे. हे पत्र त्या तारखांमधून आलं आहे.

आधी शरीरात काय घडतं ते थोडं सविस्तर मांडतो. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण पत्र खुलं आहे आणि पालकही ते वाचतील.

थेंबांमधला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. तो आतड्यात वाढतो, तिथे आयजीए प्रकारची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) तयार होतात आणि रक्तातही संरक्षण उभं राहतं. इंजेक्शनमधला विषाणू मारलेला असतो. तो आतड्यात वाढत नाही, पण रक्तात भरपूर प्रतिद्रव्यं निर्माण करतो, आणि पक्षाघात टाळायला रक्तातली प्रतिद्रव्यंच उपयोगी पडतात. लस कुठलीही असो, प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी पेशींना सीडी-4 टी पेशींची मदत लागते. एचआयव्ही नेमका याच पेशींवर घाला घालतो.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. बी पेशींचं काय होतं, याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. उपचार न झालेल्या मुलाच्या रक्तात एकूण प्रतिद्रव्यं कमी नसतात, उलट चढलेली असतात. प्रयोगशाळेचा कागद बघून नवखा डॉक्टर फसतो. गॅमा ग्लोब्युलिन इतकं भरपूर आहे म्हटल्यावर प्रतिकारशक्ती दणकट असणार, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो नुसता गोंगाट असतो. विषाणूने सतत डिवचल्यामुळे बी पेशी बिनकामाची प्रतिद्रव्यं ओतत राहतात, आणि जुन्या लशींची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी मात्र गळत जातात. जन्मतः एचआयव्ही लागलेल्या मुलांवरचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पहिल्या वर्षात एआरटी मिळाली त्यांच्या स्मृतिपेशी टिकल्या. ज्यांना उशिरा मिळाली त्यांच्या स्मृतिपेशी, व्हायरल लोड आटोक्यात येऊनही, तशा भरून आल्या नाहीत. तो अभ्यास पोलिओचा नव्हता. पण गोवराच्या आणि धनुर्वाताच्या लशीची आठवण ज्या पेशी ठेवतात, त्याच जातीच्या पेशी पोलिओच्या लशीचीही आठवण ठेवतात.

आणखी एक दाखला देतो. एआरटीवरच्या मुलांच्या लसीकरणाबद्दल तोवर जगभर झालेलं काम एकत्र तपासणारा आढावा 2010 मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात आला. त्याचा निष्कर्ष असा : एआरटीआधी घेतलेल्या लशींचं संरक्षण बहुतेक मुलांमध्ये अपुरं राहतं, आणि गोळ्या सुरू झाल्या म्हणून ते आपोआप परत येत नाही. पण पेशी सावरल्यावर लस पुन्हा दिली, तर बहुतेक मुलं चांगला प्रतिसाद देतात, निदान काही काळ तरी. हा निष्कर्ष निराशेचा नाही. दुखणं कुठे आहे ते कळलं आहे आणि औषधही ठाऊक आहे. फक्त ते द्यायला कुणी नाही.

गोवराच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने हेच पाऊल उचललं आहे. एआरटीमुळे प्रतिकारशक्ती सावरल्यावर मुलाला गोवराच्या लशीची एक जादा मात्रा द्यावी, असं तिने 2017 च्या भूमिकापत्रात स्पष्ट म्हटलं आहे. सीडी-4 वीस ते पंचवीस टक्क्यांवर पोचल्यावर, आणि ती तपासणी होत नसेल तर एआरटी सुरू होऊन सहा ते बारा महिन्यांनी. पोलिओसाठीही नेमका हाच मुहूर्त धरता येईल. वेगळा शोधायला नको.

आता आपल्या वेळापत्रकाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

सहाव्या आठवड्यात आशाताई बाळाला सत्रावर बोलावते. तोंडात दोन थेंब पडतात, मांडीत पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांची लस जाते, आणि उजव्या दंडावर त्वचेच्या थरात 0.1 मिली आयपीव्ही दिलं जातं. म्हणजे पूर्ण मात्रेचा पाचवा हिस्सा. हे त्वचेतलं इंजेक्शन नाजूक काम आहे. सुई जवळजवळ आडवी धरावी लागते. नीट बसलं तर लगेच पांढरट फुगवटा उठतो. उठला नाही तर लस त्वचेखाली गेली असं समजायचं, आणि 0.1 मिलीमध्ये वाया घालवायला काही उरलेलं नसतं. बाळ हात झटकत असतं, मागे रांग असते. आपल्या एएनएम भगिनी हे रोज करतात आणि बहुतेक वेळा बरोबर करतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

आईला एचआयव्ही असल्याचं माहीत असेल, तर त्याच सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात आणि ते तपासणीला जातात. अहवाल येईपर्यंत दिवस जातात, कधी आठवडे. मग आईला बोलावणं, समुपदेशन, आणि मग एआरटी. याचा अर्थ असा, की बाळाला संसर्ग झालेला असेल तर आयपीव्हीची पहिली मात्रा विषाणू शरीरात मोकाट असताना पडते. दुसरी चौदाव्या आठवड्यात, म्हणजे औषध नुकतंच सुरू झालेलं असताना, किंवा अजून झालेलंही नसताना. जानेवारी 2023 पासून नवव्या महिन्यात तिसरी मात्रा आली. निर्णय उत्तम होता, आणि तो घेणाऱ्यांचं मी कौतुक करतो. पण तीही पाचवा हिस्साच. हजेरीपटावर तीनही दिवशी सही असते, मूल मात्र त्या दिवशी वर्गात नव्हतं.

हे झालं वेळेत सापडलेल्या बाळाचं. माझ्याकडे येतात त्यातली बरीच तशी नसतात. आईची गरोदरपणात सुरुवातीला तपासणी झालेली असते, निगेटिव्ह आलेली असते, आणि तिला संसर्ग नंतर होतो, अंगावर पाजण्याच्या काळात. किंवा घर ऊसतोडीचं असतं. दिवाळी झाली की बीडकडून कोल्हापूर-सांगलीच्या फडावर, उन्हाळ्यात परत. कार्ड एका जिल्ह्यात, बाळ दुसऱ्यात, आणि सहाव्या आठवड्याचं सत्र कुठेतरी मधल्या रस्त्यावर. अशी मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी, दोन न्यूमोनिया आणि एक क्षयरोग होऊन गेल्यावर सापडतात. तोवर सीडी-4 आठ-दहा टक्क्यांवर आलेलं असतं. एआरटी सुरू केली की ही मुलं डोळ्यांदेखत भरतात. वर्षभरात गाल वर येतात, शाळेत जायला लागतात. इथेच सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि लसीचा विषय मागे पडतो.

अशाच एका पाच वर्षांच्या मुलीला मी लसीकरण सत्रावर पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी दिली : आयपीव्ही पूर्ण मात्रा द्यावी. रोगाचं नाव चिठ्ठीवर लिहिलं नाही, लिहायचंही नसतं. सिस्टरने कार्ड पाहिलं. सगळे रकाने भरलेले. शिवाय नियमाप्रमाणे सरकारी आयपीव्ही वर्षाच्या आतल्या बाळांनाच. पाच वर्षांपर्यंत मिळतात ते थेंब, इंजेक्शन नाही. तिने परत पाठवलं, आणि नियमाने तिचं बरोबरच होतं. आजी उन्हातान्हात परत माझ्याकडे आली. म्हणाली, “डाक्टरसाहेब, कार्डावर समदं भरलंय म्हनत्यात. मग तुमी कशापायी धाडलं आमाला?” मी तिला काय सांगणार? तुमच्या नातीचं कार्ड भरलंय, पण आतलं रिकामं असू शकतं, असं दवाखान्याच्या बाकावर चार लोकांसमोर सांगता येत नाही.

बाहेर विकत घ्यायला सांगावं, तर सुटं आयपीव्ही तालुक्याच्या औषधाच्या दुकानात सहसा नसतं. मिळतं ते सहा लशींच्या एकत्र मिश्रणात, तान्ह्या बाळांसाठीचं, आणि किंमत काही हजारांच्या घरात. रोजगार हमीवर जाणाऱ्या आजीला हे सांगायला तोंड उघडत नाही.

“पोलिओ गेला की हो आता,” असं मला माझ्याच व्यवसायातले लोक म्हणतात. गेला, आणि तो घालवणं ही या देशाने केलेल्या मोठ्या कामांपैकी एक गोष्ट आहे. शेवटचा रानटी, म्हणजे लशीतला नव्हे तर निसर्गातल्या, विषाणूचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 ला आपल्याला प्रमाणपत्र मिळालं. पण तो घालवताना आपण काय शिकलो तेही आठवावं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले डॉ. टी. जेकब जॉन 1970 च्या दशकापासून सांगत होते, की आपल्या मुलांमध्ये थेंबांचा प्रतिसाद पाश्चात्त्य मुलांपेक्षा पुष्कळ कमी पडतो. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 2006 मध्ये आकडेमोड होऊन आली, तेव्हा उत्तर प्रदेशात तिहेरी थेंबांच्या (पोलिओ विषाणूच्या टाइप 1, 2 आणि 3 या तिन्ही प्रकारांवरच्या) एका मात्रेची टाइप 1 विरुद्धची परिणामकारकता जेमतेम 9 टक्के निघाली, आणि उत्तर प्रदेश-बिहार सोडून उर्वरित देशात 21 टक्के. निरोगी मुलांची ही अवस्था होती. म्हणून तर एकेका मुलाला दहा-दहा वेळा थेंब पाजावे लागले. ‘मात्रा दिली’ आणि ‘संरक्षण मिळालं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ज्या देशाने इतकी किंमत मोजून शिकलं, त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांबाबत पुन्हा कार्डावरच विसंबावं, याचं मला नवल वाटतं.

आणि टाइप 2 चा मुद्दा आहे. 25 एप्रिल 2016 ला देशभर तिहेरी थेंब बंद करून दुहेरी सुरू झाले. त्यात टाइप 2 नाही. त्या प्रकारचा रानटी विषाणू 1999 नंतर दिसलेला नाही, तेव्हा निर्णय योग्यच. पण त्याचा एक परिणाम असा, की त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाला टाइप 2 विरुद्ध जे काही मिळतं ते फक्त आयपीव्हीतून, म्हणजे वर सांगितलेल्या त्या पाचव्या हिश्शांतून. एचआयव्ही असलेल्या बाळाच्या बाबतीत ते हिस्से सर्वांत वाईट मुहूर्तावर पडलेले असतात.

टाइप 2 इतिहासजमा झालाय म्हणावं तर 2018 ची गोष्ट आहे. गाझियाबादच्या एका उत्पादकाच्या दुहेरी थेंबांत टाइप 2 चा विषाणू मिसळलेला आढळला. त्या कुप्या ज्या राज्यांत वापरल्या गेल्या त्यात उत्तर प्रदेश आणि तेलंगणाबरोबर महाराष्ट्रही होता. आपल्या खात्यातल्या अनेकांनी तेव्हा रात्री जागवल्या असतील. त्याआधी 2016 मध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात टाइप 2 (रानटी नव्हे, थेंबांतल्या विषाणूपासूनच बदलून झालेला) सापडल्यावर लाखो मुलांना घाईने आयपीव्ही टोचावं लागलं. 2022 मध्ये लंडनच्या गटारांत आणि न्यूयॉर्कजवळच्या एका तरुणाच्या पायांत, 2024 मध्ये गाझातल्या दहा महिन्यांच्या बाळात हाच प्रकार उगवला. मुंबईच्या सांडपाण्याची पोलिओसाठी तपासणी 2001 पासून सुरू आहे ती उगीच नाही. गटारावर आपण नजर ठेवतो, मग ज्याला सगळ्यात आधी झळ लागेल त्या मुलावर का नको?

इथे थांबून पालकांसाठी चार ओळी, कारण पत्र फिरवताना लोक मधलाच परिच्छेद उचलतात. मुलाला एचआयव्ही आहे म्हणून लस टाळू नका. आफ्रिकेत वर्षानुवर्षं एचआयव्ही असलेल्या असंख्य मुलांना नकळत थेंब पाजले गेले, पण थेंबांमुळे त्यांच्यात पक्षाघाताची लाट उसळली नाही. वर्षानुवर्षं विषाणू बाहेर टाकत राहणारे जे दुर्मीळ रुग्ण नोंदले गेले, ते बहुतांशी जन्मजात बी पेशींचे दोष असलेले आहेत. ब्रिटनमधल्या अशा एका पुरुषाच्या शौचात तर 28 वर्षं टाइप 2 सापडत राहिला. एचआयव्हीचं चित्र तसं नाही. सीडी-4 फार खाली असेल किंवा एचआयव्हीमुळे मूल आजारी असेल, तर थेंबांऐवजी इंजेक्शन बरं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ दोघेही सांगतात. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, तो अशा मुलाला निर्धोकपणे देता येतो. ते कुठे मिळेल हे मात्र मी तुम्हाला सांगू शकत नाही, म्हणून तर साहेबांना पत्र लिहितो आहे.

आता पूर्ण मात्रेचा आग्रह कशासाठी. पाचवा हिस्सा त्वचेत द्यायची पद्धत क्युबा आणि ओमानमधल्या निरोगी बाळांवरच्या अभ्यासांवर उभी आहे. पुरेशा बाळांत प्रतिद्रव्यं तयार होतात, पण त्यांची पातळी पूर्ण मात्रेपेक्षा खाली राहते, हे त्याच अभ्यासांत दिसलं. निरोगी बाळाला ते पुरतं, आणि लशीचा जागतिक तुटवडा असताना हा तोडगा शहाणपणाचा होता. एचआयव्ही असलेल्यांचं गणित वेगळं असू शकतं, याची चुणूक 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मिळते. एचआयव्ही नीट आटोक्यात असलेले 231 प्रौढ. मुळात त्यांच्यापैकी टाइप 3 विरुद्ध संरक्षण होतं फक्त 66 टक्क्यांकडे. त्यांना बूस्टर दिला तेव्हा प्रतिद्रव्यं कित्येक पटींनी उसळली, आणि स्नायूतल्या पूर्ण मात्रेच्या तोडीस तोड उतरली ती त्वचेतली दोन-पंचमांश मात्रा. आपण देतो ती एक-पंचमांश. ही मंडळी प्रौढ होती, मुलं नव्हती, हे मी विसरत नाही. पण संशय असेल तिथे झुकतं माप मुलाच्या बाजूने द्यावं, काटकसरीच्या बाजूने नव्हे.

आणि ज्यांना लहानपणी भरपूर थेंब मिळाले आहेत त्यांनाही इंजेक्शनचा उपयोग आहे. मुरादाबाद आणि वेल्लोर इथल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या कामातून हे जगाला कळलं : आधी थेंब घेतलेल्या मुलाला आयपीव्हीची एक मात्रा दिली तर त्याच्या आतड्यातलं संरक्षणही जागं होतं, आणखी एकदा थेंब पाजल्यापेक्षा जास्त. शोध आपल्याच मुलांवर लागलेला आहे.

अंमलबजावणी कठीण आहे का? मला नाही वाटत. वेळापत्रक दिल्लीत ठरतं हे मी जाणतो, आणि या पत्राची प्रत राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटालाही पाठवतो आहे. पण मी सर्वांचं वेळापत्रक बदला म्हणत नाही. एआरटी केंद्रांत नोंद असलेली मुलं राज्यभरात मिळून पल्स पोलिओच्या एका रविवारच्या तुलनेत मूठभर आहेत. अडीच मिलीच्या एका कुपीत पाच पूर्ण मात्रा निघतात. उघडलेली कुपी नीट थंड ठेवली आणि तिच्यावरची उष्णता दाखवणारी खूण बदललेली नसेल तर 28 दिवस वापरता येते, म्हणजे दोन मुलांसाठी कुपी फोडली तरी लस फुकट जात नाही. जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र आणि लसीकरण कक्ष बहुधा एकाच आवारात असतात. तिथल्या आयएलआरमधून, म्हणजे लशींच्या फ्रिजमधून, व्हॅक्सिन कॅरिअर आणायचा, ठरलेल्या वारी मुलांना बोलवायचं. एवढीच काळजी, की आयपीव्ही गोठता कामा नये. थेंब उणे वीसला सुखाने राहतात, हे मात्र गोठलं की गेलं.

मुलाला लसीकरण कक्षात पाठवू नका, लस मुलाकडे आणा, हा माझा हट्ट आहे. सात वर्षांचं पोर तान्ह्या बाळांच्या रांगेत उभं राहिलं की गावातली बाई विचारणारच, “ह्याला काय झालंय गं?” एका प्रश्नात शाळा सुटू शकते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण तो रांगेत उभ्या पोराच्या मदतीला धावून येत नाही. आणखी एक विनंती त्याच कारणाने. लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर या मुलांसाठी वेगळी खूण, वेगळा रंग, वेगळा रकाना असलं काही करू नका. नोंद एआरटीच्या पांढऱ्या कार्डावर राहू द्या. एक ओळ पुरे : आयपीव्ही पूर्ण मात्रा, तारीख, सही. जिथे त्याच्या गोळ्यांची नोंद सुरक्षित आहे, तिथे लशीचीही राहील.

कुणी म्हणेल, आधी प्रतिद्रव्यं तपासा आणि ज्यांना कमी त्यांनाच द्या. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण पोलिओची प्रतिद्रव्यं मोजायला विषाणूलाच पेशींवर वाढवून ती त्याला अडवतात का ते बघावं लागतं. तो विषाणू हाताळायची परवानगी आता मोजक्या, बंदिस्त प्रयोगशाळांना आहे. जिल्ह्यात ही तपासणी होणं नाही. तपासणीचा खटाटोप लशीपेक्षा महाग पडेल आणि निकाल येईपर्यंत मूल फडावर निघून गेलेलं असेल.

मात्र नमुन्यादाखल तपासणी जरूर करा. ती करायला दूर जायलाही नको. परळला हाफकिनच्या आवारात राष्ट्रीय विषाणू संस्थेची मुंबई शाखा आहे, पूर्वीचं एन्टरोव्हायरस संशोधन केंद्र. पोलिओच्या प्रयोगशाळांमध्ये जगात तिचं नाव आहे. भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था 1990 च्या दशकापासून उभी आहे. दोन्ही एकाच वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, आणि मध्ये पुणे-मुंबई रस्ता फक्त. राज्यातल्या तीन-चार जिल्ह्यांतली मुलं घ्यायची, पालकांची रीतसर संमती घेऊन पूर्ण मात्रेआधी आणि नंतर थोडं रक्त घ्यायचं, आणि तीनही प्रकारांविरुद्धची पातळी वयानुसार, एआरटी कधी सुरू झाली त्यानुसार मांडायची. पाचवा हिस्सा आपल्या एचआयव्ही असलेल्या मुलांना कितपत पुरतो, याचं उत्तर आपल्याच मुलांच्या रक्तातून मिळेल. फक्त एक अट : अभ्यास संपेपर्यंत लस थांबवायची नाही. लस आधी, लेख मागाहून.

यासाठी शासन निर्णयाची वाट बघावी लागेल असंही नाही. दोन कार्यालयांनी मिळून काढलेलं एक पानी परिपत्रक पुरेल. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : सीडी-4 सावरलेल्या किंवा एआरटी सुरू होऊन सहा महिने झालेल्या प्रत्येक मुलाला आयपीव्ही पूर्ण मात्रा, वर्षाची वयोमर्यादा या मुलांना लागू नाही, लस जिल्हा शीतसाखळीतून एआरटी केंद्राने मागवायची, नोंद पांढऱ्या कार्डावर. लिंक एआरटी केंद्रांचा, म्हणजे जवळपास गोळ्या देणाऱ्या उपकेंद्रांचा, उल्लेख विसरू नका, नाहीतर तालुक्याच्या मुलाला पुन्हा जिल्ह्याची एसटी धरावी लागेल.

ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीनंतर निघतात. जाण्याआधी ती दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घ्यायला केंद्रात येतात, तेव्हा मुलंही बरोबर असतात. परिपत्रक त्याआधी निघालं तर यंदाच्या हंगामातच पहिली मात्रा टोचून होईल. जिल्हास्तरावर बैठक लावणार असाल तर मला कळवा, माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तारखांचे तक्ते, नावं काढून, मी घेऊन येतो.

कळावे,

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ